गॅरेजची दोन दारे

मराठीत ‘गॅरेज’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे मेकॅनिक, वंगणाने काळवंडलेले फडके आणि ‘संध्याकाळी गाडी न्या’ हे कधीच खरे न होणारे आश्वासन उभे राहते. अमेरिकेतील गॅरेज ते नव्हे. तेथील उपनगरांत ते घराचाच एक भाग असते. दोन गाड्या मावतील एवढी ही खोली असते. समोर छतापर्यंत सरकत जाणारे सोळा फूट रुंद आणि सात फूट उंच दार असते आणि मागे थेट स्वयंपाकघराकडे किंवा चपला-कोट ठेवण्याच्या बोळात उघडणारे लहान दार असते. घराला चिकटलेले म्हणून त्यास ‘अटॅच्ड’ म्हणतात.

आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांची मुले-मुली आज न्यू जर्सी, शिकागो, डेट्रॉइट, बोस्टन येथे स्थिरावली आहेत. शिकागोजवळ बार्टलेट येथे १९९३ पासून जिनमंदिर आहे आणि त्याच्या आसपास जैन घरांची चांगली वस्ती झाली आहे. मुलाने घर घ्यायचे ठरवले की सोलापूर-सांगलीतील आईवडिलांकडून पहिल्या भरण्यासाठी थोडा हातभार लागतो आणि त्यासोबत सल्लाही जातो. देवघर ईशान्येस हवे, स्वयंपाकघर मोठे हवे, मंदिर किती मैलांवर आहे, हे सर्व विचारले जाते. गॅरेजविषयी मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. कन्येच्या घरी शिकागोच्या उपनगरात तीन हिवाळे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, त्या घरातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत धोक्याची खोली कोणती असेल तर ती हीच.

तेथील थंडीची कल्पना महाबळेश्वरच्या डिसेंबरवरून करू नये. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोत पारा उणे २३ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ३१ अंश सेल्सिअसच्या जवळ उतरला होता. घरात सत्तर अंश फॅरनहाइटची ऊब राखलेली असते. ऊब राखलेले घर आणि बाहेरचे हिमयुग यांच्यामध्ये हे गॅरेज उभे असते. बहुतेक बांधकाम व्यावसायिक त्यास घराबाहेरची जागा समजतात आणि त्याच्या भिंतींत फारसे काही भरत नाहीत. मग गॅरेजच्या शेजारची खोली आणि विशेषतः गॅरेजच्या डोक्यावर असलेली खोली सतत थंड राहते. ही वरची खोली बहुधा पाहुण्यांना, म्हणजे भारतातून आलेल्या आजी-आजोबांना मिळते. पहाटे उठून जमिनीवर आसन घालून अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक करणाऱ्या सत्तर वर्षांच्या माणसाच्या गुडघ्यांना, खाली काय भरले आहे आणि काय भरलेले नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळते.

उष्णता अडवण्याच्या क्षमतेस तेथे ‘आर-मूल्य’ म्हणतात. आकडा जितका मोठा तितका अडथळा अधिक. हिशेब अगदी सोपा आहे. भिंतीचे क्षेत्रफळ चौरस फुटांत घ्यावे, दोन्ही बाजूंच्या तापमानांतील फरकाने त्यास गुणावे आणि आर-मूल्याने भागावे. दर तासाला किती बीटीयू उष्णता निसटते ते कळते. एक लाख बीटीयू म्हणजे एक थर्म, आणि गॅसचे बिल थर्मांतच येते.

घर आणि गॅरेज यांच्यामधील भिंत वीस फूट लांब व नऊ फूट उंच, म्हणजे १८० चौरस फूट आहे असे धरू. हिवाळ्याच्या पाच महिन्यांत घरात सरासरी सत्तर अंश व गॅरेजात चाळीस अंश धरले तर फरक तीस अंशांचा. भिंत आतून पोकळ असेल तर तिचे आर-मूल्य जेमतेम तीन भरते. उष्णता निसटते ताशी १८०० बीटीयू. त्याच पोकळीत साडेतीन इंच जाडीचे इन्सुलेशन भरले, तर लाकडी खांबांतून होणारी गळती वजा जाता आर-मूल्य बारा तरी पडते आणि नुकसान ४५० बीटीयूवर येते. दीडशे दिवसांच्या हिवाळ्यात हा फरक ४८ थर्मांहून थोडा अधिक होतो. भट्टी शंभरातील ऐंशी टक्केच उष्णता घरात देते असे मानले, तर बिलात साठ थर्म वाचतात. थर्मला एक डॉलर धरला तर वर्षाला साठ डॉलर. बंद भिंतीला वरून भोके पाडून आत इन्सुलेशन फुंकून भरण्यास साडेचारशे डॉलर लागले तर साडेसात वर्षांत ते वसूल होतात. घर बांधतानाच, भिंत उघडी असताना भरले तर फार लवकर वसूल होतात. बँकेत असतो तर अशा कर्जप्रकरणावर मी निःशंकपणे सही केली असती.

आता दाराकडे वळू. दुकानात गेल्यावर विक्रेता सर्वप्रथम दाराचे आर-मूल्य सांगतो. साधे, एका पत्र्याचे दार स्वस्त. पत्र्यामागे पॉलिस्टायरिनचा पुठ्ठा लावलेले दार मधल्या भावाचे. दोन पत्र्यांच्या मध्ये पॉलियुरेथेन फेस भरलेले तिहेरी दार महाग. शेवटच्या प्रकारावर आर-१२, आर-१६, आर-१८ असे आकडे छापलेले असतात. एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा आकडा फळीच्या मध्यभागाचा असतो. फळ्यांमधील सांधे, कडा, खिडक्या आणि खालची फट यांचा त्यात विचार नसतो. दार म्हणून उभे केल्यावर प्रत्यक्षातील मूल्य छापील आकड्यापेक्षा बरेच खाली येते.

आणि समजा, आकडा पूर्ण खरा असला तरी गॅरेज जर तापवायचेच नसेल तर त्याचा लाभ किती? भिंत वर सांगितल्याप्रमाणे भरून घेतली आहे आणि उत्तम दारामुळे गॅरेज सहा अंशांनी उबदार राहिले असे धरा. भिंतीतील ४५० बीटीयूंपैकी नव्वद वाचतील. हिवाळाभरात सव्वातीन थर्म, बिलात चार डॉलर. साध्या आणि तिहेरी दारांत सहाशे डॉलरचा फरक असेल तर ते वसूल होण्यास दीडशे वर्षे लागतील. विक्रेत्याच्या पत्रकात हे गणित आढळत नाही.

म्हणून क्रम असा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी घर आणि गॅरेजमधील फटी बुजवाव्यात, मग सामाईक भिंत, मग वर खोली असल्यास छत, आणि सर्वांत शेवटी मोठे दार. लोक नेमके याच्या उलट करतात, कारण दार रस्त्यावरून दिसते.

यास अपवाद एकच, आणि आपल्या व्यापारी वाचकांना तो महत्त्वाचा आहे. कित्येक तरुण ऑनलाइन विक्रीचा धंदा गॅरेजातून सुरू करतात. तेथेच माल येतो, तेथेच खोकी बांधली जातात, आणि हिवाळ्यात तेथे हीटर लावावाच लागतो. आत साठ अंश राखायचे आणि बाहेरची सरासरी तेहतीस असेल तर ११२ चौरस फुटांच्या साध्या दारातून ताशी दोन हजार बीटीयू जातात. चांगल्या दारातून, सांध्यांची गळती धरूनही, चारशेच्या आत. येथे वर्षाला सत्तर डॉलरांवर बचत होते. गॅसऐवजी विजेवर तापवत असाल तर त्याहून पुष्कळ अधिक. मग तेच सहाशे डॉलर आठ-नऊ वर्षांत सुटतात. मात्र असा धंदा करणाऱ्यांनी घराच्या विम्याची पॉलिसी काढून वाचावी. व्यवसायाच्या मालाला सर्वसाधारण गृहविम्यात फार तुटपुंजे संरक्षण असते. वडिलांच्या पेढीवर गोदामाचा विमा वेगळा काढला जात असे, तसाच येथेही वेगळा काढावा लागतो.

काय भरावे

भरण्याच्या वस्तूंची निवड करताना आपल्या घरांत एक प्रश्न हमखास येतो: ते कशापासून बनते? फायबरग्लास म्हणजे वाळू आणि जुन्या काचेचे धागे. त्यात काही आक्षेपार्ह नाही, फक्त हाताळताना हातमोजे व मुखपट्टी हवी. ‘रॉक वूल’ या नावातील लोकरीने दचकू नये. ते वितळवलेल्या बेसाल्ट खडकाचे आणि पोलादाच्या मळीचे तंतू असतात, मेंढीशी त्यांचा संबंध नाही. ते जळत नाही आणि आवाजही अडवते, म्हणून शयनगृहाखालच्या छतासाठी मला ते सर्वांत पसंत आहे. खऱ्या मेंढीच्या लोकरीचे इन्सुलेशनही बाजारात ‘नैसर्गिक’ म्हणून मिळते. ते आपल्यासाठी नव्हे. सेल्युलोज हे रद्दी वर्तमानपत्रांपासून बनते, स्वस्त असते आणि बंद भिंतीत भरण्यास सोयीचे असते. पण आग लागू नये व कीड होऊ नये म्हणून त्यात बोरेटचे क्षार मिसळलेले असतात आणि त्यात शिरलेला किडा मरतो. ज्यांना हे मनाला लागते त्यांनी बंद भिंतीसाठीही फुंकून भरता येणारे फायबरग्लास मागावे. ते मिळते.

फायबरग्लासच्या काही गुंडाळ्यांना तपकिरी कागद चिकटवलेला असतो. थंड प्रदेशात तो कागद उबदार बाजूकडे, म्हणजे घराकडे ठेवायचा असतो, नाहीतर घरातील बाष्प भिंतीत गोठून बुरशी धरते. हा कागद जळतो, तसाच फेसही जळतो. म्हणून दोन्हींपैकी काहीही गॅरेजात उघडे ठेवता येत नाही, वर जिप्सम बोर्ड लावावाच लागतो.

छत भरताना जाडी जितकी महत्त्वाची, तितकेच महत्त्वाचे हे की इन्सुलेशन वरच्या खोलीच्या जमिनीला घट्ट भिडलेले असावे. शिकागोच्या हवामानात अशा जमिनीस आर-३० तरी लागते. पण इन्सुलेशन दोन इंच खाली लोंबत असेल तर त्या पोकळीतून थंड वारा खेळत राहतो आणि आर-३० हा केवळ कागदावरचा आकडा उरतो. शिवाय छताच्या तुळया जेथे घराच्या हद्दीत शिरतात तेथे लाकडी ठोकळे व फेस वापरून वाट बंद करणे आवश्यक असते. हे काम दिसत नाही, त्यामुळे कंत्राटदार ते सर्रास टाळतात. जिप्सम बोर्ड चढवण्याआधी घरमालकाने विजेरी घेऊन स्वतः पाहावे आणि छायाचित्रे काढून ठेवावीत.

लहान दार

या लेखाचे शीर्षक ज्या दुसऱ्या दारामुळे दिले ते हे. मोठ्या दाराच्या रंगावर कुटुंबात महिनाभर चर्चा चालते, लहान दाराकडे कोणी पाहत नाही. प्राणाचा प्रश्न मात्र त्याच्याशीच आहे.

मोटारीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही. हिवाळ्याच्या सकाळी ‘गाडी जरा गरम होऊ दे’ म्हणून गॅरेजात इंजिन चालू ठेवण्याची सवय तेथे अनेकांना असते. मोठे दार उघडे असले तरी वायू आतल्या फटींतून घरात ओढला जातो. बटणाने सुरू होणाऱ्या, आवाज न करणाऱ्या नव्या गाड्या चुकून चालूच राहिल्या आणि वर झोपलेली माणसे दगावली, अशा घटना अमेरिकेत घडल्या आहेत. इन्सुलेशनच्या निमित्ताने बुजवलेली प्रत्येक फट या वायूचीही वाट बंद करते. बिलातील साठ डॉलरपेक्षा हे कारण मोठे आहे.

तेथील निवासी बांधकाम संहिता अनेक राज्यांत व गावांत थोड्याफार फरकाने लागू असते. तिच्यानुसार हे लहान दार किमान एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच जाडीचे भरीव लाकडाचे, तेवढ्याच जाडीचे पोलादी, किंवा वीस मिनिटे आग थोपवणारे असावे लागते. ते आपोआप मिटावे अशी कमान लावण्याचीही अट बहुतेक ठिकाणी असते. सामानाच्या पिशव्या आणताना अडचण होते म्हणून ती कमान काढून टाकलेली किंवा दाराला विटेचा टेकू दिलेला मी अनेक घरांत पाहिला. सामाईक भिंतीला गॅरेजच्या बाजूने अर्धा इंच जिप्सम बोर्ड हवा. वर राहती खोली असेल तर छताला पाच अष्टमांश इंचाचा, आग अधिक काळ थोपवणारा, ‘टाइप एक्स’ प्रकारचा हवा. गॅरेजात घराच्या भट्टीची हवा सोडणारी किंवा ओढणारी नळी काढण्यास मनाई आहे, मग गॅरेज कितीही थंड असो. आणि आपल्या घरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गॅरेजचे दार थेट झोपण्याच्या खोलीत उघडता येत नाही.

हे शेवटचे कलम का महत्त्वाचे? आईवडिलांना जिना चढवत नाही, म्हणून तळमजल्यावरील गॅरेजलगतची बैठकीची खोली त्यांना झोपायला दिली जाते. हेतू उत्तम असतो. पण त्याच खोलीत गॅरेजचे दार उघडत असेल, तर घरातील सर्वांत वृद्ध माणसे धुराच्या सर्वांत जवळ झोपतात. ते दार बोळात वळवून घेणे शक्य नसेल तर ती खोली बैठकीचीच राहू द्यावी.

वायूची सूचना देणारा यंत्रगजर इलिनॉय राज्यात १ जानेवारी २००७ पासून प्रत्येक झोपण्याच्या खोलीपासून पंधरा फुटांच्या आत बसवणे सक्तीचे आहे. भारतातून गेलेल्या पाहुण्यांनी आपल्या खोलीबाहेर तो आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारावे. त्यात संकोच नको.

मोठे दार

आता इतके झाल्यावर मोठे दार चांगले घेण्यास माझी हरकत नाही. तिहेरी दार चेंडू लागून पोचत नाही, कमी खडखडते आणि वर नातवंड झोपले असेल तर त्याची झोपमोड होत नाही. पत्र्याची जाडी ‘गेज’मध्ये सांगतात आणि तेथे आकडा लहान तितका पत्रा जाड, हे विसरू नये. २४ गेज मजबूत, २७-२८ पातळ. लाकडी दार देखणे असते, पण दर काही वर्षांनी रंगकाम मागते. खिडक्या हव्या असल्यास सर्वांत वरच्या फळीत आणि दुहेरी काचेच्या घ्याव्यात. ह्यूस्टन किंवा फ्लोरिडाकडील मंडळींनी उष्णतेपेक्षा वाऱ्याचा दाब सोसणारे दार प्रथम पाहावे. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात गॅरेजचे दार आधी फुटले, वारा आत शिरला आणि छप्पर उडाले, असे अनेक घरांचे झाले.

आपल्या दुकानांच्या शटरच्या नळीत जशी स्प्रिंग असते, तशी येथे दाराच्या वर आडव्या दांड्यावर असते. दाराचे सगळे वजन तीच तोलते. साधारण स्प्रिंग दहा हजार वेळा उघडमीट सोसेल अशी बनवलेली असते. दिवसातून चार वेळा दार उघडणाऱ्या कुटुंबात ती सात वर्षांत संपते. थोडे अधिक पैसे देऊन दुप्पट आयुष्याची मागावी. जुन्या दाराला आतून फेसाचे पुठ्ठे चिकटवण्याचे स्वस्त संच मिळतात. ते लावल्यावर दार जड होते आणि स्प्रिंगचा तोल बिघडतो. तपासणी सोपी आहे. यंत्र सोडवून दार हाताने निम्मे उचलावे. ते तेथेच थांबले तर तोल बरोबर आहे, खाली येऊ लागले तर कारागीर बोलवावा. स्प्रिंगला मात्र स्वतः हात लावू नये. ताणलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते, प्रसंगी जीव जातो.

दार उघडणाऱ्या यंत्रांना १९९३ पासून अमेरिकेत सुरक्षेची अट आहे. दाराखाली मूल आले तर ते उलट फिरले पाहिजे. त्यासाठी जमिनीपासून सहा इंचांच्या आत दोन्ही बाजूंना प्रकाशाचे डोळे बसवतात. केराचा डबा आड येतो म्हणून ते वर सरकवणारे लोक आहेत. रांगणाऱ्या मुलाच्या घरात हे कदापि करू नये.

पैशांविषयी थोडे. दार बदलल्याने घराची किंमत खर्चाहून अधिक वाढते, असे विक्रेते सांगतात. २०२४ च्या एका प्रसिद्ध वार्षिक अहवालात ही वसुली सुमारे १९४ टक्के दाखवली आहे. तो मालमत्ता दलालांचा अंदाज आहे, घर विकायचे नसेल तर त्याचा उपयोग नाही. इन्सुलेशनवरील ३० टक्क्यांची केंद्रीय करसवलत ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली, तेव्हा ती गृहीत धरून कोणी भाव सांगत असेल तर सावध व्हावे. वसाहतीच्या मंडळाची रंगास लेखी संमती ऑर्डरआधी घ्यावी. आणि शेवटचा हप्ता देताना कंत्राटदार व त्याचे पुरवठादार यांच्याकडून घरावर हक्क नसल्याचे लेखी पत्र घ्यावे. कंत्राटदाराने पुरवठादाराचे पैसे बुडवले तर तो थेट तुमच्या घरावर बोजा चढवू शकतो, हे आपल्याकडून गेलेल्यांना ठाऊकच नसते.

फटी आणि जीव

फटी बुजवण्याचे आणखी एक कारण आपल्या घरांना विशेष जवळचे वाटेल. पाव इंचाच्या, म्हणजे पेन्सिल जाईल एवढ्या छिद्रातून उंदीर आत येतो. थंडी पडू लागली की गॅरेज त्यास धर्मशाळा वाटते, आणि तेथे ठेवलेली गव्हाच्या पिठाची पोती व डाळींचे डबे सदावर्त. मग विष, चिकटपट्टी, सापळे यांची भाषा सुरू होते. उंदीर आत आल्यावरचे सर्व उपाय हिंसेचे आहेत, येण्याआधीचा उपाय केवळ रबराचा आहे. दाराच्या खालची पट्टी कडक झाली की बदलावी, दोन्ही कोपरे विशेष पाहावेत, नळ व तारा भिंतीतून जातात तेथे तांब्याची जाळी खोचून वर सीलंट भरावे. दुपारी दिवे मालवून आत उभे राहिले की उजेडाच्या रेषा जेथे दिसतात तेथे फट असते. वारा शोधण्यास उदबत्ती लावण्याचा सल्ला कोणी देईल, तो पेट्रोल असलेल्या जागेत मानू नये. पातळ कागदाची पट्टी धरली तरी ती हलते.

ही कामे पर्युषणानंतर, थंडी सुरू होण्यापूर्वी करावीत, कारण चाळीस अंशांखाली बहुतेक सीलंट नीट धरत नाहीत. वसंतात दार बदलायचे ठरले तर आधी चौकटीवर आणि दिव्यामागे पाहावे, कारण रॉबिन पक्षी तेथे घरटे बांधतो. अंडी असलेले घरटे हलवणे १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानेही गुन्हा आहे. कारागिराची तारीख पुढे ढकलावी. अंडी उबण्यास दोन आठवडे आणि पिल्ले उडण्यास आणखी दोन, एवढाच तो खोळंबा असतो.